घटक ४ : परदेशातील अध्ययन आणि स्त्रीवादी जाणीव – पंडिता रमाबाई ते गेल ऑम्वेट

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :
• पंडिता रमाबाई यांच्या इंग्लंड-अमेरिकेतील अध्ययनाचा (१८८३-१८८९) त्यांच्या स्त्रीविषयक विचारांशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल.
• एकाच लेखिकेने दोन भाषांत, दोन वाचकवर्गांसाठी केलेल्या लेखनातील फरक सांगता येईल.
• गेल ऑम्वेट यांच्या उदाहरणावरून उलट दिशेच्या प्रवासाचे महत्त्व विशद करता येईल.
• स्त्रियांच्या स्थितीचा निर्देश करणाऱ्या मराठी शब्दांचा चिकित्सक विचार करता येईल.
• तुमच्या परिसरातील स्त्रीजीवनाचे तुलनात्मक निरीक्षण करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकात आपण १९व्या शतकातील महाराष्ट्रातील सामाजिक सुधारणांची पार्श्वभूमी पाहिली. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकेतील सेनेका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरीही त्या एकाच वर्षी घडल्या, ही गोष्ट अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. स्त्रियांच्या स्वातंत्र्याचा विचार एका देशात जन्मला आणि तेथून इतरत्र नेला गेला, ही समजूत किती अपुरी आहे, हे त्यावरून कळते.

संपर्कसत्रांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. मीरा-भाईंदरसारख्या शहरात दिवसभर नोकरी किंवा घरकाम करून, चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमध्ये पुस्तक उघडणारी विद्यार्थिनी विचारते : "ज्यांना परदेशी जाऊन शिकता आले, त्यांचे विचार पुढारलेले असणारच. आमच्यासारख्यांनी त्यातून काय घ्यायचे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपण दोन स्त्रियांचा अभ्यास करणार आहोत. एक महाराष्ट्रातून परदेशी गेली. दुसरीसाठी महाराष्ट्र हाच परदेश होता.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ प्रवासापूर्वीचा प्रश्न

पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले होते. रमाबाईंचे शिक्षण मुख्यतः आईकडूनच झाले. कुटुंब तीर्थयात्रा आणि पुराणकथन करत देशभर फिरत असे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली रमाबाई भाऊ श्रीनिवास यांच्यासह कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय नोंदणी विवाह, मुलगी मनोरमा हिचा जन्म आणि पतीचे निधन या घटना १८८० ते १८८२ या अल्प काळात घडल्या.

१८८२ साली त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, 'स्त्रीधर्मनीति' या ग्रंथाचे प्रकाशन आणि शिक्षणविषयक हंटर आयोगासमोर साक्ष ही कामे त्यांनी त्याच वर्षी केली. स्त्रियांना शिकवण्यासाठी स्त्री-शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांवर उपचार करण्यासाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, असा त्यांच्या साक्षीचा रोख होता.

येथे एक मुद्दा नीट ध्यानात घ्या. हे सारे रमाबाई परदेशी जाण्यापूर्वीचे आहे. १८८२ मध्येच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तकही प्रसिद्ध झाले. पुरुष ज्या दोषांचा आरोप स्त्रियांवर करतात, ते त्यांच्या स्वतःतही नाहीत काय, असा रोखठोक प्रश्न त्यात विचारला आहे. त्यासाठी ताराबाईंना समुद्र ओलांडावा लागला नाही. म्हणून स्त्रीवादी प्रश्न परदेशातील शिक्षणातून जन्मतो, असे म्हणता येत नाही. तसे असेल, तर परदेशातील अध्ययन नेमके काय देते, हा आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

४.२.२ इंग्लंड : बंधनांचे दुसरे रूप

'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून प्रवासखर्चाला काही आधार मिळाला आणि १८८३ साली रमाबाई लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. वैद्यकीय शिक्षण घ्यावे, असा त्यांचा मानस होता. परंतु श्रवणदोषामुळे तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील भगिनी संप्रदायाच्या आश्रयाला असताना, २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यानंतर चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या आणि स्वतः इतर विषय शिकू लागल्या. या महाविद्यालयाच्या प्राचार्य डोरोथिया बील स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रातील मोठ्या अधिकारी व्यक्ती होत्या.

इंग्लंडमध्ये रमाबाईंना स्त्रियांनी चालवलेली संस्था पाहायला मिळाली. त्याचबरोबर आणखी एक अनुभव आला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा चर्चच्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी त्यास आक्षेप घेतला. कलकत्त्यात आणि पुण्यात स्त्री-पुरुषांच्या सभांपुढे शास्त्रार्थ सांगितलेल्या रमाबाईंना हा आक्षेप मान्य होणे शक्यच नव्हते. धर्माच्या बाबतीतही आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन करण्यास त्यांनी नकार दिला. या काळातील त्यांचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला असून, एकटी, परावलंबी परिस्थितीत असलेली स्त्री आपल्या आश्रयदात्यांशी किती ठामपणे वाद घालू शकते, याचा तो दस्तऐवज आहे.

या अनुभवाने त्यांना जे दिले, ते पुस्तकातून मिळणारे नव्हते. स्त्रीवरील बंधने केवळ आपल्या समाजात आहेत आणि परका समाज मुक्त आहे, हा भ्रम टिकला नाही. बंधन दोन्हीकडे होते, रूप वेगळे होते. तुलनेची दृष्टी म्हणतात ती हीच.

४.२.३ अमेरिका : संघटनेचा अभ्यास

तुमच्याच ठाणे जिल्ह्यातील कल्याण हे आनंदीबाई जोशी यांचे माहेर. १८८३ साली त्या फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली. या समारंभासाठी महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनी रमाबाईंना निमंत्रण दिले. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातल्याही होत्या. थोड्या मुक्कामासाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ पावणेतीन वर्षे राहिल्या. आनंदीबाई मात्र मायदेशी परतल्यावर क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निवर्तल्या. त्यांचे वय २१ वर्षांचे होते. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नियोजित काम सुरू होऊ शकले नाही.

रमाबाईंनी अमेरिकेत फ्रोबेलच्या बालशिक्षणपद्धतीचे प्रशिक्षण घेतले, देशभर व्याख्याने दिली आणि स्त्रियांच्या संघटनांचा बारकाईने अभ्यास केला. फ्रान्सिस विलर्ड यांच्या नेतृत्वाखालील स्त्रियांच्या ख्रिस्ती मद्यपानबंदी संघाने त्यांचे विशेष लक्ष वेधले. गावातील शाखा, प्रांतिक शाखा आणि राष्ट्रीय मंडळ अशी या संघाची उतरंड होती. वर्गणी, सभा, ठराव, अर्ज, वृत्तपत्र ही त्याची साधने होती. मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रियाही संघटित झाल्यास सार्वजनिक जीवनावर प्रभाव पाडू शकतात, हे त्यांना येथे दिसले. अमेरिकेत सर्व राज्यांतील स्त्रियांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती १९२० साली झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे मोल कळते. सेनेका फॉल्स परिषदेला ४० वर्षे झाल्यानिमित्त १८८८ साली वॉशिंग्टन येथे स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेथेही रमाबाईंचे भाषण झाले.

रमाबाई व्याख्याने देत फिरत होत्या, त्यामागे एक निश्चित योजना होती. उच्चवर्णीय विधवांसाठी निवासी शाळा काढायची आणि तिच्यासाठी निधी उभारायचा. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. १० वर्षे शाळेचा खर्च चालवण्याची हमी तिने घेतली आणि ठिकठिकाणी तिची मंडळे निघाली. जी संघटनपद्धती त्या अभ्यासत होत्या, तीच त्यांनी लगोलग वापरली.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) हंटर आयोगासमोर रमाबाईंनी कोणत्या दोन गरजा मांडल्या?
(आ) मद्यपानबंदी संघाच्या कोणत्या वैशिष्ट्याने रमाबाईंचे लक्ष वेधले?

४.२.४ एक लेखिका, दोन वाचकवर्ग

भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. १८८७ साली फिलाडेल्फियात रमाबाईंचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला बॉडली यांची प्रस्तावना होती आणि ते आई लक्ष्मीबाई यांच्या स्मृतीस अर्पण केले होते. १८८९ साली त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. दोन्ही पुस्तके एकाच प्रवासाची फळे आहेत, पण त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत.

इंग्रजी पुस्तक अमेरिकन वाचकाला भारतीय स्त्रीची बाल्यावस्था, विवाह, वैधव्य यांची ओळख करून देते. वाचकाने मदत करावी, हा त्याचा उघड हेतू आहे. त्यामुळे दुःखावर त्याचा भर आहे. मराठी पुस्तक मराठी वाचकाला अमेरिकेची राज्यव्यवस्था, घरे, शिक्षण, धर्म, व्यापार आणि स्त्रियांची स्थिती सांगते. त्यातील स्त्रियांच्या स्थितीवरील प्रकरण सर्वांत विस्तृत आहे. येथे करुणेचे आवाहन नाही. स्वतःच्या प्रयत्नाने स्त्रियांनी काय साधले, हे दाखवून वाचकाला विचारास प्रवृत्त करणे, हे त्याचे प्रयोजन आहे. त्याच वेळी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना आणि मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवरही त्या टीका करतात. प्रशंसा आणि चिकित्सा एकाच वेळी करता येते, याचा हा वस्तुपाठ होय.

शीर्षकातील 'लोकस्थिती' हा शब्दही पाहा. त्या काळात इंग्रज लेखक भारतीयांची 'लोकस्थिती' लिहीत आणि भारतीय माणूस पाहिला जाणारा विषय ठरत असे. रमाबाईंनी पाहणाऱ्याची जागा घेतली. एका मराठी विधवेने एका पाश्चात्त्य राष्ट्राचे मराठीत निरीक्षण केले. कोण कोणाविषयी, कोणत्या भाषेत आणि कोणासाठी लिहितो, या प्रश्नात सत्तेचे नाते दडलेले असते. हे पुस्तक पुढे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा अमेरिकन वाचकाला आपलेच शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे चित्र मराठी नजरेतून पाहता आले.

४.२.५ परतीनंतर : संस्था, मर्यादा आणि किंमत

रमाबाई फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईस परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर ३ वर्षे पूर्ण झाली होती. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या बालविधवेचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्वे यांनी पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. एका संस्थेचा धागा दुसरीपर्यंत कसा जातो, हे यावरून दिसते.

या यशाला दुसरी बाजू आहे. १८९० साली सदन पुण्यास हलवण्यात आले आणि विद्यार्थिनींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्याचा वाद पेटला. 'केसरी'ने प्रखर टीका केली. १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागार बाजूला झाले. ज्या समाजासाठी रमाबाई परत आल्या, त्याच्या मोठ्या भागाशी त्यांचे नाते तुटले. धर्मांतर करण्याचा त्यांचा हक्क आणि मुलींना पाठवताना पालकांनी ठेवलेला विश्वास, या दोन्ही बाजू अभ्यासकाने प्रामाणिकपणे मांडाव्यात. त्यांपैकी एकच सांगणे म्हणजे इतिहासाला अर्धवट न्याय देणे होय.

विचाराची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. रमाबाईंच्या इंग्रजी ग्रंथाचा विषय उच्चवर्णीय स्त्री हा होता. शेतात, गिरणीत, खाणीत राबणाऱ्या स्त्रिया त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. मात्र १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगाव येथे उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनात त्यांनी सर्व जातींच्या निराधार स्त्रिया व मुले यांना आश्रय दिला. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

४.२.६ उलट दिशेचा प्रवास : गेल ऑम्वेट

आता दुसरे उदाहरण पाहू. गेल ऑम्वेट यांचा जन्म १९४१ साली अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे झाला. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे शिकत असताना, पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळ हा त्यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय होता. त्यासाठी त्या महाराष्ट्रात आल्या आणि मराठी शिकल्या. १९७३ साली त्यांना पदवी मिळाली.

त्या महाराष्ट्रात वावरत होत्या, तो काळ उलथापालथीचा होता. १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरोधात स्त्रियांचे लाटणे मोर्चे निघत होते. तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा परिसरात आदिवासी स्त्रिया दारूची मडकी फोडत होत्या. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुण्यात स्त्रीमुक्तीचा विचार करणारी संयुक्त परिषद भरली. ऑम्वेट यांनी मोर्चे, शिबिरे, शेतमजूर स्त्रियांच्या बैठका जवळून पाहिल्या आणि १९८० साली भारतीय स्त्रियांच्या लढ्यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले.

येथे रमाबाईंशी तुलना करून पाहा. रमाबाईंनी अमेरिकेत मद्यपानबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रिया पाहिल्या. ऑम्वेट यांनी शहाद्याच्या लढ्याचा अभ्यास केला. प्रश्न वरवर एकच, दारूचा. पण अमेरिकेतील संघाचा आधार चर्च, प्रतिज्ञा आणि अर्ज हा होता. शहाद्यात जमीन, मजुरी आणि मारहाण हे प्रश्न दारूला जोडलेले होते. एकच मागणी वेगळ्या भूमीत वेगळा अर्थ धारण करते. म्हणून परदेशात पाहिलेली चळवळ जशीच्या तशी उचलून आणता येत नाही.

ऑम्वेट यांनी कार्यकर्ते भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला, सांगली जिल्ह्यातील कासेगाव येथे त्या स्थायिक झाल्या आणि १९८३ साली त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. त्यांच्या सासूबाई इंदूताई पाटणकर स्वतः स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्त्या होत्या. परित्यक्ता स्त्रियांच्या हक्कांच्या लढ्यात सासू-सून दोघीही उतरल्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगाव येथेच ऑम्वेट यांचे निधन झाले.

४.२.७ शब्दांचा विचार

चळवळ नवे शब्द घडवते आणि जुन्या शब्दांना नवा अर्थ देते. ग्रामीण बोलीत 'नवऱ्याने टाकलेली बाई' असा प्रयोग ऐकू येतो. त्याचे व्याकरण तपासा. 'टाकणे' ही क्रिया करणारा नवरा आहे आणि स्त्री त्या क्रियेचे कर्म आहे. वस्तू टाकतात त्याच क्रियापदाने माणसाचा निर्देश होतो. 'परित्यक्ता' हा तत्सम शब्द प्रतिष्ठित वाटतो, पण त्याची घडणही तीच आहे. तेही 'त्यागलेली' या अर्थाचे कर्मणी विशेषण आहे. तरी १९८० च्या दशकात अशा स्त्रियांनी एकत्र येऊन शिधापत्रिका, पोटगी, घर यांची मागणी केली, तेव्हा हा शब्द खाजगी लाजेकडून सार्वजनिक हक्काकडे सरकला. अलीकडे रुळलेल्या 'एकल महिला' या शब्दप्रयोगात नवऱ्याचा उल्लेखच उरत नाही. विधवा, घटस्फोटित, अविवाहित आणि नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या स्त्रियांना तो एकत्र आणतो. मात्र प्रत्येकीचा कायदेशीर प्रश्न वेगळा असल्याने, या व्यापक शब्दात तो झाकला जाण्याचा धोकाही असतो.

'स्त्रीमुक्ती' आणि 'स्त्रीवाद' हे शब्दही समानार्थी मानू नयेत. पहिला कृतीचे ध्येय सांगतो, दुसरा विचारपद्धतीचे नाव आहे. रमाबाईंजवळ यांपैकी कोणताही शब्द आजच्या अर्थाने नव्हता. तरीही त्यांचे कार्य आपण या चौकटीत वाचतो. असे वाचताना आजचा शब्द कालच्या व्यक्तीच्या तोंडी घालत नाही ना, याची दक्षता घ्यावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
(अ) 'टाकलेली' व 'परित्यक्ता' या शब्दांच्या घडणीत कोणते साम्य आहे?
(आ) शहादा परिसरातील दारूविरोधी लढ्याशी कोणते प्रश्न जोडलेले होते?

४.३ सारांश

आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. रमाबाई प्रश्न घेऊन परदेशी गेल्या. तो प्रश्न इथल्या जगण्यातून आला होता. परदेशातील अध्ययनाने त्यांना तीन गोष्टी दिल्या : तुलनेची दृष्टी, संघटनेची रीत आणि आपल्या समाजाकडे काही अंतरावरून पाहण्याची संधी. हे ज्ञान मराठी पुस्तकात आणि शारदा सदनात उतरले, म्हणून त्याचा समाजाला उपयोग झाला. ऑम्वेट यांनीही अभ्यासविषय झालेल्या लोकांची भाषा शिकून, त्यांच्यात राहून आपले ज्ञान सार्थ केले. दोघींनाही घर, धर्म किंवा देश यांपैकी काही ना काही मागे सोडावे लागले. अशा अभ्यासाला किंमत मोजावी लागते, हे विसरू नये.

पारपत्राशिवायही हे अंतर साधता येते. उत्तनची कोळीण, भाईंदरच्या इमारतीत राहणारी मारवाडी सून, कारखान्यात काम करणारी परप्रांतीय स्त्री आणि तुम्ही एकाच महापालिकेच्या हद्दीत राहता, पण एकमेकींच्या जगात क्वचितच पाऊल टाकता. ते टाकण्यास लागणारी तयारी रमाबाईंच्या तयारीहून जातीने वेगळी नाही.

४.४ पारिभाषिक शब्द, शब्दार्थ

लोकस्थिती – एखाद्या देशातील लोकांची सामाजिक, राजकीय व आर्थिक अवस्था.
प्रवासवृत्त – प्रवासाचा वृत्तान्त.
सदसद्विवेकबुद्धी – बरेवाईट ठरवण्याची स्वतःची आंतरिक शक्ती.
परित्यक्ता – पतीने सोडून दिलेली स्त्री.
तत्सम शब्द – संस्कृतमधून मूळ रूपात मराठीत आलेला शब्द.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर यांची. (आ) गावपातळीपासून राष्ट्रीय पातळीपर्यंत असलेली शाखांची रचना आणि मताधिकार नसतानाही सार्वजनिक जीवनावर प्रभाव पाडण्याची क्षमता.
२. (अ) दोन्ही शब्दांत स्त्री ही दुसऱ्याने केलेल्या क्रियेचे कर्म आहे. (आ) जमीन, मजुरी आणि मारहाण.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'परदेशातील अध्ययनाने रमाबाईंना प्रश्न दिला नाही, दृष्टी दिली.' या विधानाची साधार चर्चा करा.
२. रमाबाईंच्या १८८७ च्या इंग्रजी व १८८९ च्या मराठी पुस्तकाची वाचकवर्ग आणि प्रयोजन या अंगांनी तुलना करा.
३. टिपा लिहा : (अ) शारदा सदन (आ) गेल ऑम्वेट यांचे महाराष्ट्रातील कार्य.

४.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्यापेक्षा वेगळी मातृभाषा किंवा वेगळा व्यवसाय असलेल्या एका स्त्रीशी तिच्या संमतीने बोला. तिचा दिवस, तिच्या हाती राहणारा पैसा आणि तिचे निर्णय कोण घेते, याविषयी विचारा. ती स्वतःच्या स्थितीसाठी वापरत असलेले शब्द तिच्याच भाषेत उतरवून घ्या. नाव व पत्ता लिहू नका. त्यानंतर तेच प्रश्न स्वतःला विचारून उत्तरे शेजारी लिहा. दोन्ही स्तंभ पूर्ण झाल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.